माणसात येईपर्यंत

टप्प.

मग बराच वेळ काहीच नाही. आणि पुन्हा, टप्प. उत्कर्षा पुढच्या खोलीत भिंतीला टेकून ऋषिराजच्या शाळेच्या शर्टाला बटण लावत बसली होती. बटण लावून कधीच झालं होतं. दोरा दातानं तोडायचा तेवढा राहिला होता, आणि मघापासून ती तो बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. सकाळी लाइट गेली तेव्हा घरातले सगळे आवाज एका दमात गेले होते. पंखा गेला, वरच्या मजल्यावरची मिक्सरची घरघर गेली, शेजारच्यांच्या टीव्हीतलं भांडण अर्ध्यावर तुटलं, आणि या सगळ्याच्या तळाशी एरवी ऐकूही न येणारी फ्रिजची बारीक घूं-घूं, तीही थांबली. ती थांबली तेव्हा उत्कर्षाला कळलं, की गेले कितीतरी महिने आपण तिच्यावर कान ठेवून आहोत. अंगावर पिणाऱ्या पोराच्या श्वासावर आई झोपेतसुद्धा कान ठेवते, तसा. आणि आता हा थेंब. नळ असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. नळाचा वायसर गेलाय, दीपकला सांगायला पाहिजे. वायसर परवाच बदलला होता, बदलताना तिनंच बॅटरी धरली होती, हे तिला ठाऊक होतं. तरी नळ असेल हे वाक्य तिनं मनात जरा वेळ राहू दिलं. खोटं असलं तरी त्याला टेकून बसता येत होतं.

फोन वाजला. नवऱ्याचा, दीपकचा. मागून गाईचं हंबरणं आणि कुणाचं तरी "दाक्तर, च्या घ्या की" ऐकू येत होतं. तो लोणी भापकर गावात होता. दूधसंघाकडून गाई भरवायचं, कृत्रिम रेतनाचं, काम तो करतो. मोटारसायकलला मागं नायट्रोजनचा छोटा कंटेनर बांधून गावोगाव हिंडतो, आणि शिकलेला डॉक्टर नसला तरी तिकडं सगळे त्याला डॉक्टरच म्हणतात.

"लाइट आली का?"

"नाही."

"हं. डीपी जळालीय म्हणतायत आपल्या तिकडची. संध्याकाळ होईल." थोडं थांबून तो म्हणाला, "बर्फ आणू का? भिगवणच्या माशाच्या गाड्या येतात हितं, त्यांच्याकडं असतो."

"कशाला?"

"असंच. पाणी गार करायला."

"माठ आहे की," ती म्हणाली. तो 'बरं' म्हणाला आणि तरी त्यानं फोन ठेवला नाही, तिनंही ठेवला नाही. मग तिकडं गाय पुन्हा हंबरली आणि त्याला जावं लागलं. सकाळपासून त्याचा हा दुसरा फोन होता. पहिल्यातही त्यानं लाइटचंच विचारलं होतं.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाच्या ट्रेच्या मागं, बाळाचं दूध होतं. छोट्या छोट्या झिपच्या पिशव्यांत, एकावर एक आडवं, विटा रचाव्या तसं. बाळ उन्हाळ्यात झालं, वेळेच्या फार आधी, इथंच बारामतीतल्या एका दवाखान्यात. मुलगी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि नळीनं तिच्या पोटात दूध जायचं ते इतकं थोडं की डोळ्यात औषध घालावं तेवढं. इकडं उत्कर्षाच्या अंगाला त्याचा अंदाज नव्हता. अंग आपलं भरल्या पोराच्या हिशेबानं दूध करत होतं. सिस्टर म्हणाली, "टाकू नका मॅडम, साठवा. बाळ मोठं झालं की लागेल. आणि आणताना थॉ करून आणा, डायरेक्ट गॅसवर नाही ठेवायचं." थॉ करून. सिस्टर मूळची निमगाव केतकीची, म्हणजे उत्कर्षाच्या माहेरची, बोलायलाही अगदी तिकडचीच. पण या एका गोष्टीला तिच्याकडं मराठी शब्द नव्हता. उत्कर्षानं तेव्हा मान हलवली होती. घरी येऊन पिशवी कोमट पाण्याच्या पातेल्यात धरून बसल्यावर मात्र तिच्या मनात तो शब्द खड्यासारखा फिरत राहिला. थॉ. आपल्यात याला काय म्हणतात? वितळणं? वितळतं ते सोनं, मेण, रस्त्यावरचं डांबर. वितळायला आग लागते. विरघळते ती साखर, आणि विरघळलेली साखर पुन्हा दिसत नाही. पाघळतं ते बर्फाच्या पेप्सीचं कांडं, किंवा गोड बोललं की लगेच हो म्हणणारा माणूस; पाघळण्यात जरा फजितीच असते. थिजलेलं पुन्हा होतं तसं होणं, एवढंच म्हणायचं होतं. जे होतं तेच, तितकंच, फक्त परत. पातेल्यात पिशवीच्या कडा आधी सुटायच्या, मध्ये पांढरा गाभा तरंगत राहायचा, आणि तिला वाटायचं, एवढ्या साध्या गोष्टीला आपल्यात शब्द नसेल असं होणार नाही. आपल्यालाच आठवत नसेल.

शाळेत ती हेच शिकवायची. बिनपगारी रजा टाकून घरी बसायच्या आधी पाचवीला परिसर अभ्यास तिच्याकडं होता. स्थायू, द्रव, वायू. बर्फ वर्गात आणून डिशमध्ये ठेवायची, पोरं भोवती गोळा व्हायची, आणि ती फळ्यावर लिहायची : बर्फ वितळतो, पाणी पुन्हा गोठते, हा उलटसुलट होणारा बदल. पोरं हे वाक्य चाल लावून म्हणायची. कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही, तिलाही नाही. दीपकचं शास्त्र मात्र वेगळं होतं, आणि ते तिला लग्नानंतर लगेचच कळलं होतं, डाळजला, सासरच्या गोठ्यात. तेव्हा तो मोठी गंमत दाखवावी तसा तिला घेऊन गेला होता. कंटेनरचं झाकण काढल्यावर पांढरा धूर जमिनीवरून सरपटत पुढं आला, तिच्या पायाला गार लागला. त्यातून चिमट्यानं त्यानं एक बारीक कांडी उचलली, झटकली, मगातल्या कोमट पाण्यात सोडली आणि घड्याळाकडं बघत राहिला. कांडीत वळूचं बीज असतं, हे तिला बी.एस्सी. असून नुसतं पुस्तकात माहीत होतं. "आतलं झोपल्यालं असतंय," तो म्हणाला होता. "वितळलं की जागं होतं. आणि एकदा जागं झालं की त्याला थांबवायचं न्हाय. परत झोपवाय गेलं की मरतं." नवी नवरी म्हणून ती लाजली होती, आणि गाईनं मागं वळून दोघांकडं बघितलं होतं. पुढं कितीतरी दिवस तो तिच्या जवळ आला की तिला त्या मगातलं कोमट पाणी आठवायचं. आता त्यातलं काही आठवत नाही. फक्त तेवढं वाक्य आठवतं.

टप्प. टप्प. आता दोन थेंबांमधलं अंतर कमी झालं होतं.

तिनं उठायला हवं होतं. उठून काय करायचं, हा प्रश्न होता. शेजारी इन्व्हर्टर होता, त्यांच्या फ्रिजमध्ये जागा मागता आली असती. पण मग शेजारीण विचारणार, काय आहे हे, आणि उत्कर्षाला सांगावं लागणार. आतापर्यंत तिला कुणालाच काही सांगावं लागलं नव्हतं. बाळ गेलं त्या दिवशी दीपकनं संध्याकाळी ऋषिराजला मांडीवर घेऊन सांगितलं, "बाळ दवाखान्यातच हाय, काचेच्या पेटीत." आदल्या दिवशी हेच वाक्य खरं होतं. दुसऱ्या दिवशी ते खरं राहिलं नव्हतं, आणि ते बदलायचं कुणाला सुचलं नाही, किंवा सुचलं आणि जो तो दुसऱ्यानं बदलावं म्हणून थांबला. पाच वर्षांचं पोर. त्यानं ती पेटी एकदा लांबून बघितली होती, आत पिवळा उजेड होता. "तिला तिथं उकडत नाही का?" असं त्यानं विचारलं होतं. नंतर त्यानं विचारणं सोडलं. मग एक दिवस त्यानं शाळेबाहेरची नारंगी पेप्सी आणून, खुर्चीवर चढून, दुधाच्या पिशव्यांवर ठेवली. "बाळाला. मोठी झाल्यावर." तो फ्रिज उघडायचा तेव्हा आधी वर बघायचा, बाळाचं आहे ना, आणि मग खालून आपल्याला हवं ते काढायचा. सकाळी दीपक मोटारसायकलला कंटेनर बांधायला लागला की दारातून ओरडायचा, "बाबा, दूध सांडू नको हं!" दीपक हसायचा, "न्हाय सांडत, साहेब." बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालायची त्याची सवय आजोबांची, आबांची, असं सगळे म्हणत.

आणि त्या पिशव्यांतली एक गोष्ट फक्त उत्कर्षालाच माहीत होती. पुढच्या पिशव्यांवर तिनं मार्करनं तारीख घातली होती, सिस्टरनं सांगितलं तसं. मागच्या काहींवर काही लिहिलेलं नव्हतं. त्या नंतरच्या. बाळ गेल्यावरही दूध थांबलं नाही. आणि पहिल्या रात्री छाती दगडासारखी झाली तेव्हा ती उठली, पंप लावला, पिशवी भरली, झिप दाबून बंद केली आणि मार्कर हातात घेतला. मग तो तिनं खाली ठेवला. तसं ती आणखी काही दिवस करत राहिली. ते दूध कुणाचंच नव्हतं. ते करताना आपल्याला वेड लागलंय असंही तिला वाटलं नव्हतं. भांडी घासून पालथी घालावीत तसं ते एक काम होतं. दूध आटल्यावर मात्र तिला एकदम काही करायलाच उरलं नाही.

माजघरातून पावलं वाजली. द्वारकाबाई. सासूबाई परवा डाळजवरून आल्या होत्या, ज्वारीचं पीठ आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन. आल्यापासून त्या मागच्या खोलीत बसून काही ना काही निवडत होत्या आणि फारसं बोलत नव्हत्या. पावलं स्वयंपाकघरात गेली. उन्हाळ्यात, बाळ गेल्यावर दहा-बारा दिवसांनी, त्यांनी एकदाच विचारलं होतं, "ते दूध काढून टाकू का गं?" उत्कर्षा नुसती फ्रिजसमोर जाऊन उभी राहिली होती, पाठ दाराला लावून. द्वारकाबाई थोडा वेळ तिच्याकडं बघून निघून गेल्या होत्या, आणि अंगणात कुणाशी तरी हळू बोलताना तिनं ऐकलं होतं, "आजून माणसात आली न्हाय."

माणसात येणं. हा द्वारकाबाईंचा शब्द. थंडीत खोबरेलाची बाटली थिजली की त्या म्हणायच्या, "जरा उन्हात ठिव, यिऊ दे माणसात." तूप फ्रिजमधून काढलं की पोळीला लगेच लावू द्यायच्या नाहीत : "बसू दे भायेर, माणसात येईल." पहाटेच्या गारठ्यात वासरू झालं आणि लाकडागत पडलं, तर पोत्यानं घासत त्या त्याच्याशी बोलत बसायच्या, आणि त्यानं कान हलवला की उठून पदराला हात पुसायच्या, "आलं माणसात." पिऊन पडलेला चुलतभाऊ सकाळी माणसात यायचा, रुसलेली नणंद चार दिवसांनी माणसात यायची. लग्नानंतर उत्कर्षाला या शब्दाचं हसू यायचं; तुपाला कसलं आलंय माणूसपण. नंतर तो तिच्याही तोंडात बसला. आणि दवाखान्यात, काचेच्या अलीकडून, गार पडलेल्या त्या एवढ्याशा जिवाला पेटीत उबेला ठेवलेलं बघत, द्वारकाबाई ठाम आवाजात म्हणाल्या होत्या, "हाय बारीक. पन येईल माणसात." त्यांनी आजवर ज्याला ज्याला असं म्हटलं ते ते आलं होतं. उत्कर्षानं सिस्टरवर, डॉक्टरवर, मशीनवर ठेवला नाही इतका विश्वास त्या शब्दावर ठेवला होता. म्हणून नंतर तिचा राग डॉक्टरवर नव्हता. तिला तो शब्द नको झाला होता, आणि तो म्हणणारं तोंडही.

स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडलं. वरच्या कप्प्याचं छोटं झाकण वाजलं. पिशव्या एकमेकींवरून सरकल्याचा ओला आवाज आला. उत्कर्षाला वाटलं, आपण आता उठू आणि ओरडू. ती उठली नाही. टाकतायत, असं तिनं मनात म्हटलं, आणि ते वाक्यही तिनं राहू दिलं. जणू कुणीतरी टाकणार होतंच, आपण फक्त कधी याची वाट बघत होतो. बेसिनमध्ये पाणी पडल्याचा आवाज यायची ती वाट बघू लागली. तो आला नाही. पावलं मागच्या गॅलरीकडं गेली. तिथं कपड्यांच्या दोरीखाली दीपकचा मोठा कंटेनर असतो, दुधाच्या कॅनसारखा, कांड्यांच्या साठ्याचा. त्याचं जड झाकण उचलल्याचा भप्प आवाज झाला. मग थोडी शांतता. आणि एकदम फस्स करून, तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसं.

ती धावली. गॅलरीत गुडघ्याइतका पांढरा धूर झाला होता, आणि त्यात द्वारकाबाई ओचा खोचून, वाकून, दोन्ही हातांनी सुतळी धरून उभ्या होत्या. विहिरीत कळशी सोडल्यावर बाई उभी राहते, अगदी तशा.

"आत्या! काय करताय?"

"आगं, माघारी सर, धूर लागंल!"

"आत काय सोडलंत?"

"येकच सोडलीय. बघावं म्हनलं, तगती का." त्यांनी सुतळीला हलका हिसका दिला. "लाइटीचा काय भरवसा. दीपक म्हनत असतोय न्हवं, ह्यात ठेवल्यालं वर्सानुवर्सं हाय तसंच ऱ्हातं? मग म्हनलं, बैलांचं ऱ्हातं तर पोरीचं का न्हाय ऱ्हायाचं?"

आतून काच तडकावी तसा बारीक आवाज झाला. द्वारकाबाईंनी सुतळी वर ओढली. तिच्या टोकाला फक्त पिशवीची झिपची पट्टी होती, कडक, पांढरी, बर्फाची पावडर झडत असलेली. ती त्यांच्या हाताला लागताच काडीसारखी मोडली. धूर हळूहळू खाली बसला, गॅलरीच्या कठड्यातून बाहेर सांडला.

"फुटली?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"फुटली."

"आन् दूध?"

"आत. कांड्यांत."

द्वारकाबाईंनी कंटेनरच्या तोंडाकडं बघितलं. मग सुनेकडं. त्यांच्या चेहऱ्यावर चूक झाल्याची जी लाज होती, ती तिनं आजवर कधी बघितली नव्हती. पोक्त बाईच्या चेहऱ्यावर ती भलतीच लहान दिसत होती. "आता गं बया," त्या म्हणाल्या, "लेकीचं दूध बैलांच्यात गेलं की. दीपक मला घराभायेर काढतोय आज. उद्या कुनाच्या गोठ्यात काय जल्माला येतंय देव जानं."

उत्कर्षा हसली. हसणं कुठून आलं ते तिला कळलं नाही; आवाज ओळखीचा वाटला नाही. द्वारकाबाई आधी दचकल्या, मग त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत. मग दोघी थांबल्या. खाली रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, मोठ्यानं गाणी लावलेला.

"मला वाटलं, टाकायला उघडलंत," उत्कर्षा म्हणाली.

"टाकायला?" द्वारकाबाईंनी सुतळी हातावर गुंडाळायला घेतली. "दूध कोन टाकतं गं? तवा इचारलं व्हतं, व्हय. तुजा जीव जळत व्हता, डोळ्याफुडनं काढावं म्हनलं. मी न्हेनार व्हते."

"कुठं?"

द्वारकाबाई गुंडाळत राहिल्या. उत्कर्षाच्या लक्षात आलं, की हाच तो प्रश्न, आणि तो तिच्या तोंडून निघून गेलाय. इतके महिने तिनं तो विचारला नव्हता. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. आईला नेत नाहीत. दीपक आणि आबा, म्हणजे सासरे गेणबा, दोघंच डाळजला गेले होते, फडक्यात गुंडाळलेलं घेऊन, आणि रात्री परत आल्यावर दीपकनं बाहेरच्या नळावर पाय धुतले होते. पायांना काळी ओली माती होती. ती माती कुठली, हे डाळजच्या शेताखालचं उजनी धरणाचं पाणी आठवून तिनं मनात ठरवून टाकलं होतं. उन्हाळ्यात पाणी मागं गेलेलं असतं, जमीन उघडी पडते, मऊ असते, खणायला सोपी. मग पाऊस पडतो, धरण भरतं, पाणी पुन्हा बांधापर्यंत येतं. पावसाळाभर बातम्यांत धरण किती भरलं ते सांगायचे, लोक खूश व्हायचे, आणि ती टीव्ही बंद करायची. बंद करून फ्रिजची घूं-घूं ऐकत पडायची.

"कुठं ठेवलंय तिला?" ती म्हणाली. "पाण्यात गेली का?"

"न्हाय गं बाय!" द्वारकाबाईंच्या हातातली सुतळी थांबली. "पान्यात कशाला? वरच्या आंगाला, लिंबाखाली. तितवर पानी येत न्हाय. धरान भरलं तवा तुजं आबा भर पावसात जाऊन बघून आलं. आजून बी रोज जात्यात. पान्याची मोटार बघाय चाल्लो म्हनत्यात." त्या जरा थांबल्या. "मोटार कवाच बंद हाय. म्या बी काय बोलत न्हाय."

स्वयंपाकघरात ओट्यासमोर पाण्याचं तळं झालं होतं. ओट्यावर द्वारकाबाईंनी काढून ठेवलेल्या पिशव्या होत्या, घामेजलेल्या, मऊ पडलेल्या, आणि त्यांच्या वर ऋषिराजची पेप्सी, नारंगी पाण्याची नुसती पिशवी झालेली. उत्कर्षानं एक पिशवी उचलली. कडा सुटल्या होत्या, मध्ये अजून गाभा होता. बोटांना तो जाणवला, आणि तो बोटांखालीच लहान होत गेला. पुन्हा गोठवता येणार नाही, हे तिला सिस्टरनं सांगितलं होतं आणि दीपकनंही, वेगळ्या गोष्टीबद्दल. फळ्यावरचं वाक्य वर्गातच राहिलं. द्वारकाबाईंनी फळीवरून पितळी तांब्या काढला, चिंचेनं घासला, धुतला, आणि मधोमध ठेवला. मग दोघी समोरासमोर खाली बसल्या आणि एकेक पिशवी तांब्यात रिकामी करू लागल्या. दूध आधी पातळ, निळसर यायचं, मग साय, मग बर्फाचा राहिलेला तुकडा डुबुक करून पडायचा.

"ह्याच्यावर काय लिव्हल्यालं न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांना वाचता येत नाही, पण शाई नाही हे दिसत होतं.

"ते नंतरचं."

द्वारकाबाईंनी पिशवी हातात जरा वेळ धरली. "आंगाला काय म्हाईत असतंय," त्या म्हणाल्या, आणि तीही त्यांनी त्याच तांब्यात ओतली, शेवटचा थेंब बोटानं निपटून. तांब्यात तारखेचं आणि बिनतारखेचं दूध एक झालं. उत्कर्षा ते बघत होती. काही फुटेल, काही आत ओरडेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुपार होती, ओट्यावर मुंग्यांची एक ओळ आली होती, हाताला दुधाचा तो जुना, गोडसर वास लागला होता, ऋषिराज अंगावर प्यायचा तेव्हाचा. "गरम करू का जरा?" तिनं विचारलं.

"नगं. असंच बसू दे. यिऊ दे..." द्वारकाबाई बोलता बोलता थांबल्या. शब्द ओठांवर येऊन त्यांनी मागं घेतला. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. दवाखान्यातलं त्यांचं ते वाक्य त्याही इतके महिने घेऊन बसल्या होत्या.

"येईल माणसात," उत्कर्षा म्हणाली.

द्वारकाबाईंनी मान खाली घातली आणि तांब्यावर ताटली झाकली. संध्याकाळी दीपक आला की डाळजला जायचं, असं ठरलं. उत्कर्षानंही यायचं. बायका जात नाहीत, पण आबा काही म्हणणार नाहीत. मोटार बघायला जातो म्हणतील, तर त्यांच्यामागं आपणही मोटार बघायला जाऊ. हे द्वारकाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. लिंबाच्या मुळाशी ओतायचं, एवढंच. "आन् पोराला?" त्यांनी विचारलं. उत्कर्षा म्हणाली, "त्याला मी सांगते." सांगायचं काय याची तिनं मनात जुळवाजुळव सुरू केली. पहिलं वाक्य सापडलं की झालं असतं. पाचवीच्या पोरांना ती काहीही समजावून सांगत आली होती. बाळ आता पेटीत नाही. इथून सुरुवात करता आली असती.

खाली शाळेची रिक्षा थांबली. जिन्यावर दप्तर आपटत ऋषिराज वर आला, बूट दारात उडवले, आणि त्याच क्षणी पंखा फिरायला लागला, वरचा मिक्सर अर्ध्यातून घुरघुरला, कुठूनतरी टीव्हीतली बाई बोलू लागली. "लाइट आलीऽऽ" तो ओरडला आणि सवयीनं सरळ फ्रिजकडं गेला. फ्रिज थरथरून सुरू झाला होता. त्यानं खुर्ची ओढली, वर चढला, कप्पा उघडला. मग आत हात घालून त्यानं मागपर्यंत चाचपून बघितलं.

"नाहीये," तो म्हणाला.

"इकडं ये," उत्कर्षा म्हणाली. "हे बघ. लाइट गेली होती ना, म्हणून सगळं वितळलं. तांब्यात काढलंय."

तो उतरला, आला, ताटली उचलून वाकून बघितलं. त्याच्या नाकाचं टोक जवळजवळ दुधाला लागलं. बर्फाचा शेवटचा तुकडा विरत होता, पानाएवढा, मग नखाएवढा. त्यानं शेजारची पेप्सी उचलून हलवली, तिच्यातलं पाणी इकडून तिकडं गेलं.

"आता लाइट आलीय की. ठेव ना परत."

"परत नाही ठेवता येत, राजा. एकदा वितळलं की..."

"खराब होतं?"

"हं."

त्यानं पेप्सी खाली ठेवली. मग तो मागच्या गॅलरीकडं वळून, कंटेनरकडं बघत, मोठ्या माणसाच्या काळजीनं म्हणाला, "मग उद्यापासून बाबा गाडीवरनं बाळाला काय घेऊन जाणार?"